बोरीचं मांजर, जर्मनीचं मांजर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य परभणीकर वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर थट्टेनं म्हणत आले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं, जर्मन भाषेच्या वर्गांची घोषणा झाली आणि थट्टेतली जर्मनी एकदम जवळ आल्यासारखी वाटू लागली. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीतून उद्या कुणी नर्स म्हणून, कुणी इलेक्ट्रिशियन म्हणून त्या राज्यातल्या स्टुटगार्टला गेलं, तर भाषा, थंडी आणि कागदपत्रं यांची तयारी करून घेणारे पुष्कळ भेटतील. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि घरात बोलायला कुणी नसतं, त्याची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. अशा वेळी मांजर पाळावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण बोरीत मांजर कुणी ‘आणत’ नाही, ते येतं. माळवदाच्या जुन्या घरात बळदाच्या मागे किंवा कडब्याच्या गंजीत मांजरी विते, चार पिल्लांतली दोन जगतात आणि त्यातलं एक चुलीपाशी येऊन बसायला लागलं की ते घरचं. जर्मनीत मात्र मांजर हवं असेल तर बहुतेक लोक टियरहाइममध्ये, म्हणजे तिथल्या प्राणी-आश्रयगृहात जातात. तिथे पाऊल टाकताना गावाकडच्या कितीतरी समजुती सोबत असतात. काही खऱ्या, बऱ्याचशा खोट्या.

पहिली समजूत म्हणजे हा एक प्रकारचा कोंडवाडा असणार. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात मोकाट जनावर अडकवतात आणि मालक दंड भरून सोडवून नेतो. टियरहाइमचं काम त्याहून वेगळं आहे. जर्मनीतली पहिली प्राणिरक्षण संस्था स्टुटगार्टमध्येच १८३७ साली आल्बर्ट क्नाप या पाद्र्यानं स्थापन केली. आज जर्मन प्राणिरक्षण महासंघाशी जोडलेली सुमारे ५५० आश्रयगृहं देशभर आहेत. बर्लिनचं आश्रयगृह तर जवळजवळ १६ हेक्टरवर, म्हणजे चाळीस एकरांच्या आसपास पसरलेलं आहे. योग्य कारणाशिवाय प्राण्याला मारणं तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे ‘कुणी नेलं नाही तर इंजेक्शन देतात’ ही अमेरिकेतल्या काही आश्रयगृहांवरून पसरलेली भीती इथे लागू पडत नाही. कल्पना परकी आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. मुंबईत पांजरापोळ १८३४ पासून आहे, प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ पासून, आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून जनावरांवर उपचार करतं आहे.

‘आपण परदेशी, आपल्याला कोण देणार?’ ही शंका दुसरी. पारपत्र कुठल्या देशाचं आहे यावर मांजर अडवणारा कायदा जर्मनीत नाही. शेवटचा निर्णय आश्रयगृहाचा असतो आणि त्यांचे प्रश्न साधे असतात. घरमालकाची संमती आहे का? दिवसातून किती तास घर बंद असतं? सुट्टीत गावी गेलात तर मांजर कोण सांभाळणार? बाल्कनीला जाळी आहे का? कधीकधी घर बघायलाही येतात. सोयरीक जमवताना पाहुणे घर बघून जातात, त्यातलाच हा प्रकार. चौकशीनं नाराज होऊ नये, ती स्थानिक जर्मनांचीही तशीच होते.

घरमालकाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. भाडेकरारात ‘कुत्रा-मांजर पाळायला सरसकट बंदी’ असं छापील कलम घातलेलं असेल, तर ते कलम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं मार्च २०१३ मध्ये निरर्थक ठरवलं आहे. याचा अर्थ विचारायचंच नाही असा मात्र होत नाही. प्रत्येक घराचा आणि शेजाऱ्यांचा स्वतंत्र विचार करून निर्णय व्हावा, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. आणि आश्रयगृह तर लेखी संमतीच मागतं. शिवाय जर्मनीत नव्या नोकरीचे पहिले सहा महिने बहुतेक वेळा चाचणीचे असतात. ते संपून राहण्याची जागा पक्की होईपर्यंत मांजर न घेणंच शहाणपणाचं. कंपनीच्या तात्पुरत्या खोलीत आणलेलं पिल्लू दोन महिन्यांत नव्या घरी न्यावं लागलं, तर हाल दोघांचेही.

आता खिडकी. गावाकडच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळणारच नाही. जर्मन खिडकी दोन तऱ्हांनी उघडते. मूठ आडवी फिरवली की दारासारखी, आणि वर फिरवली की वरचा काठ तेवढा आत कलतो, खालचा जागेवर राहतो. हवा यावी म्हणून लोक ती दिवसभर अशी कलती ठेवून कामावर जातात. पिल्लू वरच्या फटीतून बाहेर पडायला उडी मारतं, निसटतं, आणि बाजूच्या निमुळत्या फटीत कमरेपाशी अडकतं. सुटायला जितकं धडपडतं तितकं खाली रुततं. मागच्या पायांचा रक्तपुरवठा थांबतो. वेळेत सोडवलं नाही तर पाय लुळे पडतात किंवा जीव जातो. तिथल्या पशुवैद्यांकडे या अपघाताला स्वतंत्र नावच आहे. दुकानात खिडकीच्या बाजूला बसवायच्या जाळ्या मिळतात, आणि आश्रयगृहवाले त्यांचाच आग्रह धरतात.

याला जोडून येणारा भ्रम म्हणजे मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं आणि वाचतं. हवेत अंग वळवायची हातोटी त्याच्याकडे आहे हे खरं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयानं इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला, त्यात उपचार मिळालेल्यांपैकी नव्वद टक्के वाचली होती. तोच आकडा आजवर कौतुकानं सांगितला जातो. पण जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कुणी नेलं नव्हतं, त्यामुळे ती मोजलीच गेली नाहीत. वाचलेल्यांतही छातीला मार बसलेली, जबडा फुटलेली पुष्कळ होती.

एक पिल्लू मागायला गेलं की बऱ्याच ठिकाणी दोन घ्या म्हणतात. ‘एकावर एक खपवतायत’ असं मराठी मनाला लगेच वाटतं. कारण वेगळं आहे. पिल्लं चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची, हे भावंडांशी मस्ती करतानाच शिकतात. जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ थांबतो, धडा मिळतो. एकटं पिल्लू हा धडा मालकाच्या पोटऱ्यांवर गिरवतं. आई-भावंडांसोबत बारा आठवडे राहू द्यायचं, हेही त्याचसाठी. बाहेर बारा-बारा तास ड्यूटी करणाऱ्याला तर दोनच सोयीची. ती एकमेकांना सांभाळतात. मोठं, शांत, एकटं राहायला आवडणारं मांजर हवं असेल तर तेही तिथे असतंच, आणि त्याला सहसा गिऱ्हाईक नसतं.

इथे बोरीच्या पोरांना दाद द्यायला हवी. ‘पिल्लाला हात लावू नको, आई टाकून देईल’ असं आजी ओरडते आणि पोरं तरी गंजीत हात घालतातच. सारखं छळलं तर मांजरी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, ‘सात घरं फिरवते’ म्हणतात ते यातूनच. पण माणसाच्या वासानं ती पिल्लं टाकत नाही. उलट साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागलेलं पिल्लूच पुढे माणसाळतं. जर्मन आश्रयगृहांत याच कामासाठी स्वयंसेवक पिल्लांपाशी तासन्‌तास बसतात.

खाण्यापिण्यात मात्र आजीचं आणि पोरांचं, दोघांचंही चुकतं. मांजर म्हणजे दूध, हे समीकरण म्हणींतही मुरलंय. प्रत्यक्षात आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते. वाटीभर गाईचं दूध म्हणजे अनेकदा जुलाब. पाणीच द्यावं. दूध-पोळीवर गावचं मांजर जगतं कारण ते उरलेलं जेवण पोत्यांमागच्या उंदरांवर भागवतं. स्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही. घर शाकाहारी म्हणून मांजरालाही वरण-भात घातला, तर टॉरिन हे मांसातून मिळणारं द्रव्य त्याला मिळत नाही. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही आणि त्याच्या अभावानं दृष्टी जाते, हृदय कमजोर होऊन पसरतं. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये हा हृदयविकाराचा संबंध दाखवला, तेव्हापासून डबाबंद खाद्यात टॉरिन काळजीपूर्वक घालतात. ज्यांना घरात मांसाचा डबा उघडणं मान्य नाही, त्यांनी मांजर न आणणं हे मांजरावर उपकार ठरतील. ससा आहेच.

आणि गावाकडून आणलेल्या औषधांच्या डब्यातली तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही नाही. माणसाचं यकृत ती ज्या वाटेनं निकामी करतं, ती वाट मांजराकडे जवळपास नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. फुलदाणीतल्या लिलीचंही तसंच, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

‘एकदा विऊ द्यावं, मग ऑपरेशन करावं’ हे वाक्य बोरीत ऐकू येतं तसं जर्मन खेड्यातही ऐकू येतं. एकदा विण्यानं मांजरीला कुठलाही फायदा होत नाही, आणि चार-सहा महिन्यांची मांजरीही गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते. म्हणून आश्रयगृहाच्या करारात नसबंदीची अट असतेच. पाडरबोर्न शहरानं २००८ मध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांची नसबंदी सक्तीची केली, मग शेकडो गावांनी तोच कित्ता गिरवला. प्राणिप्रेमींच्या भित्तिपत्रकांवर एका मांजरीपासून सात वर्षांत चार लाखांहून जास्त मांजरं होतात असा हिशोब असतो, तोही गैरसमजच. प्रत्येक पिल्लू जगलं तरच तो जमतो, आणि उघड्यावर बहुतेक पिल्लं जगत नाहीत. नसबंदीचं खरं कारण तेच आहे. बोरीकरांना यासाठी फार लांब जायचं नाही, परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या गावीच आहे.

घरात बाळाची चाहूल लागली की गावाहून फोन येतो, ‘आधी ते मांजर बाहेर काढा.’ भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि ती पूर्ण निराधार नाही; गरोदरपणी पहिल्यांदा संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो. पण मांजर ते जंतू विष्ठेतून सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडेच टाकतं आणि ते संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या शौचाचा ट्रे रोज साफ केला आणि ते काम नवऱ्यानं केलं, तर प्रश्न बराचसा मिटतो. न धुतलेली भाजी, बागेतली माती आणि कच्चं मांस यांतून लागण होण्याचा धोका मोठा. जर्मनीत पावावर कच्चा डुकराचा खिमा पसरून मिटक्या मारत खातात, त्याला मेट म्हणतात. गरोदर बाईनं सोफ्यावरच्या मांजरापेक्षा त्या पावापासून जपावं.

दम्याचं खापर केसांवर फोडलं जातं. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनामुळे, केस फक्त ते वाहून नेतात. म्हणून आखूड केसांचं मांजर आणून सुटका होत नाही. नेण्याआधी आश्रयगृहात दोन-तीनदा तासभर बसून बघणं हाच उपाय. राहिला मांजर आडवं जाण्याचा अपशकुन, तर जर्मनही काळं मांजर डावीकडून गेलं की उजवीकडून, हे बघतात. इंग्लंडात तेच मांजर शुभ.

आश्रयगृह मांजर फुकट देत नाही, विकतही नाही. शंभर-दोनशे युरोंच्या आसपास शुल्क असतं, त्यात लस, चिप आणि बरेचदा नसबंदीही आलेली असते. कुत्र्यावर कर आहे, मांजरावर नाही. खर्च पुढे असतो. पशुवैद्यांचे दर सरकारी तक्त्यानं ठरतात आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते चांगलेच वाढले.

सगळ्यांत वाईट समजूत म्हणजे भारतात परतताना मांजर जर्मनीतच टाकावं लागतं. दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सामानासोबत भारतात आणायची सोय आहे. केंद्राच्या पशु विलगीकरण केंद्राचं ना-हरकत पत्र, रेबीजची लस आणि आरोग्य दाखला लागतो. मुंबईत हे केंद्र आहे. उलट दिशेनं, बोरीतलं लाडकं पिल्लू जर्मनीला न्यायचं तर वाट लांबची. आधी चिप, मग पिल्लू बारा आठवड्यांचं झाल्यावर रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, तीत लसीचा पुरेसा परिणाम दिसला की रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचं होण्याआधी विमानात बसणं नाही. आणि घाईत लस आधी टोचून चिप नंतर बसवली, तर युरोपच्या नियमांत ती लस धरलीच जात नाही, सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.