सिॲटलचा जातिभेदविरोधी कायदा आणि मालकवर्ग

मनुष्य देशांतर करतो तेव्हां सामानाबरोबर आपले संस्कारही घेऊन जातो. जातिभेदाचें तसेंच झालें आहे. अमेरिकेच्या वायव्य भागांतील सिॲटल शहराच्या परिसरांत संगणकाच्या धंद्यांतील मोठमोठ्या कंपन्या आहेत, व तेथें नोकरी करणारे भारतीयही पुष्कळ आहेत. या शहराच्या नगरपरिषदेनें २१ फेब्रुवारी १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं, सहा विरुद्ध एक अशा मतांनीं जातीवरून पक्षपात करणें बेकायदेशीर ठरविलें. असें करणारें अमेरिकेंतील तें पहिलेंच शहर होय. हा कायदा मांडणाऱ्या सभासद क्षमा सावंत या जन्मानें पुण्याच्या.

आतां कोणी विचारील, अमेरिकेंत पक्षपाताविरुद्ध कायदा नव्हता काय ? होता. १९६४ च्या कायद्यानें वंश, वर्ण, धर्म, लिंग व मूळ देश यांवरून नोकरींत भेद करण्यास मनाई केलेली आहे. परंतु वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालचा मनुष्य हे दोघेही एकाच देशाचे, एकाच वर्णाचे व एकाच धर्माचे असले, तर दाद मागावयाची कोणत्या शब्दाच्या आधारें ? ही उणीव ‘जात’ हा शब्द घालून भरून काढण्यांत आली.

जातीचें लक्षण सांगतांना या कायद्यानें जन्मसिद्ध दर्जा व जातींतल्या जातींत विवाह या गोष्टींवर भर दिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९१६ सालीं वाचलेल्या निबंधांतही असल्या विवाहबंधनासच जातिसंस्थेचें मूळ मानलें होतें, याचें येथें स्मरण होतें.

मालकांनीं ध्यानांत ठेवावयाचें तें असें. नेमणूक, वेतन, बढती व बडतर्फी यांपैकीं कशांतही जातीचा विचार येतां कामा नये. भारतीय राज्यघटनेचें १६ वें कलम सरकारी नोकरीपुरतें आहे. सिॲटलचा नियम खाजगी मालकासही लागू आहे. आडनांव, गांव, आहार यांविषयींच्या चौकशा वरवर निरुपद्रवी दिसतात. पण त्यांच्या आडून जात हुडकली जाते, हें येथील मालकाच्या ध्यानीं यावयाचें नाहीं. म्हणून हाताखालील अधिकाऱ्यांस तें समजावून देणें त्याच्याच हिताचें आहे. तक्रार करणाऱ्यावर सूड उगविणें हाही गुन्हाच समजावा.

या कायद्यास विरोधही झाला. त्यामुळें एकाच समाजाकडे संशयानें पाहिलें जाईल, असें कित्येक भारतीयांचें म्हणणें पडलें. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं असें विधेयक संमत केलें ; पण प्रचलित कायदा पुरेसा आहे, असें सांगून राज्यपालांनीं तें नामंजूर केलें. उलट त्याच राज्यांतील फ्रेझ्नो शहरानें सिॲटलचें अनुकरण केलें.

कायद्यानें मनें पालटत नाहींत, हें खरें. परंतु ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याला मनें पालटेपर्यंत थांबण्यास सांगणें हा न्याय नव्हे.