नागरिकत्वाच्या कायद्यातले छोटे शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवी माणूस. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही, साधा बी. ए. आहे. पण एका शब्दाने ओळ कशी उभी राहते आणि एका शब्दाने कशी कोसळते, एवढे इतक्या वर्षांच्या सवयीने कळते. त्याच नजरेने मी आपल्या देशाचा नागरिकत्वाचा कायदा वाचला. त्यातल्या काही छोट्या शब्दांविषयी आज तुमच्याशी बोलणार आहे.

इंग्रजांच्या राज्यात आपण नागरिक नव्हतो, प्रजा होतो. देशात कोण येतो-जातो यावर नजर ठेवायला त्यांनी १९२० मध्ये पासपोर्टचा आणि १९४६ मध्ये परकीय नागरिकांचा कायदा केला. या दुसऱ्या कायद्यात एक विलक्षण कलम होते. चोरीच्या खटल्यात चोरी झाल्याचे सरकारला सिद्ध करावे लागते. पण एखादा माणूस परका आहे की नाही हा प्रश्न निघाला, तर आपण परके नाही हे त्यानेच सिद्ध करायचे. स्वतंत्र भारताने हा कायदा चालू ठेवला. २०२५ मध्ये हे जुने कायदे रद्द होऊन नवा कायदा आला, तरी पुराव्याचे ओझे होते त्याच खांद्यावर राहिले.

फाळणी झाली आणि ‘आपला कोण’ हा प्रश्न अचानक रक्तामांसाचा झाला. लाखो माणसे इकडून तिकडे, तिकडून इकडे चालली होती. काही घाबरून गेली आणि वातावरण निवळल्यावर परत निघाली. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट लागू झाले. हीच तारीख पुढे राज्यघटनेत जाऊन बसली. पाकिस्तानातून या तारखेपूर्वी येऊन इथे राहिलेल्यांना नागरिकत्व सहज मिळाले. नंतर आलेल्यांना सहा महिने राहून अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस नागरिक राहिला नाही; मात्र कायमचे परतण्याचे परमिट घेऊन आला असेल, तर त्याला दार उघडे ठेवले होते.

या कलमांवर ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत मोठा वाद झाला. एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कुठल्याही कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नाही, असे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले. आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांना हा मसुदा फारच सैल वाटला. आपले नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणताही हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असो, भारताचा नागरिक होण्यास पात्र असावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. परतणाऱ्यांना दार उघडे ठेवणाऱ्या कलमावरही कडाडून टीका झाली. पंडित नेहरूंनी त्या कलमाची बाजू घेतली. शेवटी देशमुखांची दुरुस्ती फेटाळली गेली आणि घटनेच्या पाचव्या कलमात अधिवास आणि जन्म हे शब्द राहिले. इथे राहतो आणि इथे जन्मला, तो इथला. धर्माचा उल्लेख नाही.

माझ्या आजोबांनी १९४७ मध्ये कुठला अर्ज भरला नाही की कुठे सही केली नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे ज्वारी पेरली. ‘अधिवास’ हा शब्द त्यांना आयुष्यात कधी कळला नसेल, पण राज्यघटनेने त्यांच्या पेरणीलाच हे नाव दिले होते, असे मला वाटते.

न्यायालयांनीही या शब्दांची राखण केली. मुंबई राज्यातले इब्राहिम वझीर मावत यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. परमिटचा नियम मोडला, एवढ्यासाठी स्वतःच्याच नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही, असा निकाल १९५४ मध्ये लागला.

१९५५ चा नागरिकत्व कायदा आला तेव्हा त्यातली अट अगदी सोपी होती. २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला, परकीय राजदूतांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडता, भारताचा नागरिक. गोवा मुक्त झाल्यावर याच कायद्याखाली १९६२ मध्ये आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जो स्वतः, किंवा ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणी जन्मले, तो भारतीय झाला. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व हवे होते, त्याने महिन्याभरात लेखी कळवायचे होते. एक सबंध प्रदेश एका कागदाने देशात सामावला गेला.

मग शब्द बदलू लागले. आसामच्या आंदोलनानंतर १५ ऑगस्ट १९८५ रोजी करार झाला आणि तिथे २५ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरली. १९८६ च्या दुरुस्तीने सगळ्या देशाचाच नियम बदलला. १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरेना. आई किंवा वडील नागरिक हवेत. २००३ च्या दुरुस्तीने ‘किंवा’ची जागा ‘आणि’ने घेतली. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मणाऱ्या मुलाचे आई आणि वडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. मधल्या काळात एक शब्द उदारही झाला. परदेशात जन्मलेल्या मुलाला पूर्वी फक्त वडिलांकडून नागरिकत्व मिळे. १९९२ पासून ते आईकडूनही मिळू लागले.

२०१९ मध्ये या कायद्यात प्रथमच धर्मांची नावे आली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाही, असे ठरले. या कायद्याने इथल्या कोणाचे नागरिकत्व जात नाही, छळ सोसून आलेल्यांना ते मिळते, असे सरकारने सांगितले. समतेच्या तत्त्वाला बाध येतो म्हणून अनेकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नियम मार्च २०२४ मध्ये आले. छळून आलेल्याला आसरा द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यादीत मुसलमान नाही, हे मात्र वाचताना मी अडखळतो. १९४९ मध्ये घटना समितीने जो शब्द दाराबाहेर ठेवला, तो सत्तर वर्षांनी आत आला, एवढे इतिहास म्हणून नोंदवायलाच हवे.

शब्द बदलला की कागद बदलतो आणि कागद सर्वांत जास्त गरिबाला अडवतो. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. आपल्याकडचे पाहा. माहेरची शकुंतला सासरी वैशाली होते. एकाच घरात एक भाऊ ‘शेख’, दुसरा ‘शेक’. ऊसतोडणीला गेलेल्या बाईचे बाळ फडातल्या कोपीवर जन्मते. भटक्यांच्या पालावर तर जन्मतारीख म्हणजे ‘त्या दुष्काळाच्या साली’. ही माणसे परकी नाहीत, फक्त त्यांच्यामागे कागद नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. बाळ झाले की एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करा, आणि दाखल्यावर आई-वडिलांची नावे नीट वाचून घ्या. दुसरी गोष्ट, नागरिकत्वावर कुठेही चर्चा निघाली की आधी कायद्यातला शब्द कोणता, ते विचारा. कवितेतला चुकीचा शब्द फार तर कविता मारतो. कायद्यातल्या ‘किंवा’चा ‘आणि’ झाला, की एखाद्या पोराला आपल्या आईचा जन्म कुठे झाला, हे सिद्ध करीत फिरावे लागते.