पदवीचा हिशेब आधी मांडावा

विधी शिक्षणाची पहिली वर्षे ठरलेल्या विषयांत सरतात; निवडीची जबाबदारी येते ती वरच्या वर्गांत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार पदवीसाठी २० अनिवार्य, ४ प्रात्यक्षिक व किमान ६ ऐच्छिक विषय आवश्यक आहेत. यांखेरीज त्रैवार्षिक अभ्यासक्रमात १२, तर पंचवार्षिकात २० आठवड्यांची उमेदवारी करावी लागते. ती एका वर्षी सलग ४ आठवड्यांहून अधिक करता येत नाही. म्हणून अखेरच्या वर्षावर ढकललेली उमेदवारी पदवीच अडवू शकते.

तेव्हा विद्यार्थ्याने या अटींचे वर्षवार कोष्टक आधी मांडावे, आणि मगच ऐच्छिक विषयांकडे वळावे. ते निवडताना सोबत्यांकडे पाहू नये. उद्या शेतजमिनीचा तंटा घेऊन दारात उभा राहणारा अशील डोळ्यांसमोर आणावा.