शरदाची सहल आणि शिशिराची पानगळ : बोरिवलीच्या वनातील पर्णरंगांचा विचार

इंग्रजी ‘ऑटम’ या शब्दासाठी मराठीत ‘शरद’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. कोशाच्या सोयीसाठी तो ठीक असला, तरी वनस्पतिजीवनाच्या अभ्यासात त्यामुळे एक घोटाळा संभवतो. युरोप-अमेरिकेतील डोंगराळ भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास झाडांची पाने पिवळी, नारिंगी, तांबडी होतात आणि ती शोभा पाहावयास लोक मुद्दाम डोंगर चढतात. भारतात काश्मीरचा चिनारही याच काळात लाल होतो. तेथील या ऋतूला ‘हरूद’ असे नाव आहे. हीच कल्पना मनात बाळगून आश्विन-कार्तिकात मुंबईच्या उपनगरांतील डोंगरांवर जाणाऱ्यास मात्र ते दृश्य आढळत नाही. रंग येथेही आहेत. परंतु त्यांचा काळ निराळा, कारण निराळे आणि अर्थही बहुतांशी उलट आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड, ईशान्येस येऊर आणि मध्ये तुळशी व विहार हे तलाव, असा हा टापू आहे. येथील डोंगरांची उंची ५०० मीटरांपेक्षा कमीच भरते. ऑक्टोबरात कान्हेरी लेण्यांच्या वरच्या कातळमाथ्यावर उभे राहिले, तर पिकून सोनेरी होऊ लागलेले गवत दिसते. खालच्या उतारांवरील साग, ऐन, बोंडारा इत्यादी वृक्ष मात्र अद्याप हिरवेच असतात.

याचे कारण समजण्यासाठी प्रथम थंड प्रदेशातील प्रक्रिया पाहावी लागते. सुमारे ४५ अंश अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ सात तासांचे अंतर असते. दिवस लहान होऊ लागले व रात्री गारठू लागल्या, की वृक्ष पानांतील हरितद्रव्याचे विघटन करतो व पानांतील नत्र खोडाकडे परत घेतो. हरितद्रव्य नाहीसे झाल्यावर पानात आधीपासूनच असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे दिसू लागतात. लाल रंगाचे अँथोसायनिन मात्र बहुधा त्या वेळी नव्याने तयार होते. कडक हिवाळ्यात पाने राखणे वृक्षाला परवडत नाही, हे या सर्वांमागील मूळ कारण होय.

मुंबईच्या अक्षांशावर दिवसाच्या लांबीतील हा फरक सुमारे सव्वादोन तासांचाच आहे, आणि हिमाचा तर प्रश्नच नाही. येथे वृक्षाची अडचण पाण्याची आहे. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबरात जमीन अजून ओली असते, ऊन भरपूर असते; अशा वेळी पाने टाकून देण्यात वृक्षाचा तोटाच आहे. जमिनीतील ओल जसजशी खाली जाते, तसतशी पौष-माघात पानगळ सुरू होते. ती बहुधा फिकट पिवळ्या व तपकिरी छटांची असते. गळण्यापूर्वी ठळक लाल होणारे पान पाहावयाचे असल्यास अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांकडेचा देशी बदाम पाहावा. परंतु तो या वनाचा नव्हे, मूळ समुद्रकिनाऱ्याचा वृक्ष आहे.

या वनातील खरी लाली पालवीची आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कोशिंब नव्या पानांनी असा तांबडा होतो, की दुरून तो फुललेला वाटावा. पिंपळाची पालवी ताम्रवर्णी असते, आंब्याचीही तशीच. कोवळ्या पानात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा पुरती सिद्ध झालेली नसते. अशा वेळी प्रखर उन्हाचा अतिरिक्त भाग अँथोसायनिन शोषून घेते, असे एक स्पष्टीकरण आहे. लाल पान कीटकांना कमी आकर्षक ठरते, असे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. मराठीत ‘चैत्रपालवी’ हा शब्द आहे आणि पानगळ शिशिराशी जोडलेली आहे. म्हणजे लोकभाषेचे निरीक्षण अनुवादित शब्दापेक्षा अधिक अचूक होते.

येथे एक कोडे उभे राहते. पाऊस दोन-तीन महिने दूर असताना, ऐन उन्हाळ्यात, वृक्षाने पालवावे कसे? इलियट, बेकर व बोर्चर्ट यांनी २००६ साली आशियातील मान्सून वनांच्या संदर्भात याच प्रश्नाची चर्चा केली. जुनी पाने गळाल्याने पाण्याचा व्यय थांबतो. खोल मुळांनी मिळवलेल्या ओलीवर खोड पुन्हा पाणीदार होते. आणि वसंतात वाढत जाणारा दिवस पालवीला चालना देतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. दिवसाच्या लांबीतील अल्प फरकही वृक्षाला कळतो, असा याचा अर्थ. सर्वच वृक्ष मात्र असे वागत नाहीत. साग सामान्यतः पावसाच्या सुमारासच पालवतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. दिवसाची लांबी दरवर्षी तीच राहते. तापमान आणि जमिनीतील ओल मात्र बदलत आहेत. पंचांगाप्रमाणे ठरल्या वेळी पालवणाऱ्या वृक्षाला त्या वेळी पाणी मिळाले नाही, तर कोवळी पालवी करपण्याचा धोका आहे. पावसाची वाट पाहणाऱ्यास तो कमी. शिवाय फाल्गुनातील निष्पर्ण रान मृत समजले जाते, पाचोळ्याला आग लावणाऱ्यासही त्यात काही गैर वाटत नाही. वस्तुतः तो पालवीच्या सिद्धतेचा काळ असतो. म्हणून या वनाच्या अभ्यासकाने ऑक्टोबरातील एका सहलीवर समाधान मानू नये. ठरावीक वृक्ष निवडून डिसेंबर ते मे दर पंधरवड्यास त्यांची पानगळ व पालवी नोंदवावी, आणि ही नोंद अनेक वर्षे अखंड चालू ठेवावी. कोणता वृक्ष सूर्याचे ऐकतो आणि कोणता पावसाचे, हे अशाच नोंदींतून ठरावयाचे आहे.