पुढचं पुस्तक कोणतं? यादीच्या आधी वाचकाला विचारा!

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गाव निम्मं रिकामं होतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कापूस वेचून झाला की घरी राहिलेल्या शेतकऱ्यालाही थोडी उसंत मिळते. वाचायला वेळ असतो तो याच दिवसांत. अशा वेळी कुणी गावच्या ग्रंथालयात येऊन "चांगलं काही आहे का?" असं विचारतो आणि त्याच्या हाती कपाटातलं पुढचं पुस्तक ठेवलं जातं. पहिली वीस पानं जड गेली की तो माणूस पुन्हा पायरी चढत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनो, पुढचं पुस्तक निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारा : मागचं कोणतं पुस्तक हातातून सुटलं नाही? वाट तिथूनच निघते.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आवडलं असेल तर रणजित देसाईंचं 'स्वामी' घ्या, मग विश्वास पाटलांचं 'पानिपत'. पानिपत संपल्यावर त्याच लेखकाचं 'झाडाझडती' उचला. त्यात इतिहास नाही; धरणासाठी उठवलेल्या माणसांची परवड आहे. या कादंबरीला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माजलगाव धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या बोलीतलं हवं असेल तर रा. रं. बोराडे यांचं 'पाचोळा' (१९७१) आहे. गावातल्या शिंप्याच्या घराची ही गोष्ट मराठवाडी बोलीत आहे. घरात मोठ्यानं वाचली तर ज्यांना अक्षरओळख नाही तेही ऐकत बसतील. त्यानंतर सदानंद देशमुखांचं 'बारोमास' घ्या. शिकून नोकरी नाही आणि शेतीत भागत नाही, अशा तरुणाचं घर त्यात आहे. नव्यानं वाचू लागलेल्याला जाड पुस्तकाची धास्ती वाटते. त्याला व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' द्यावं. आकारानं लहान आहे, आणि दुष्काळात गाव कसं उठतं ते आपल्याला सांगायला नको.

कथा-कादंबरी नको, खरं घडलेलं हवं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' आहे. गुलामीत जन्मलेला हा माणूस पुढे शेतीशास्त्रज्ञ झाला. सतत कापूस घेऊन अमेरिकेतल्या जमिनी निकस झाल्या होत्या. तिथे भुईमूग, रताळी घेऊन पिकाची फेरपालट करायला त्यानं शेतकऱ्यांना शिकवलं. आपल्या कापूसवाल्यांनी हे वाचायलाच हवं. ते आवडलं की लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' घ्या.

मात्र शेतीच्या माहितीचं पुस्तक घेताना आधी छपाईचं साल पाहा. कादंबरी जुनी होत नाही. वाण, औषधं आणि सरकारी योजना जुन्या होतात. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची चालू सालची 'कृषी दैनंदिनी' घ्यावी.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रंथालयाच्या सचिवांसाठी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, त्यातून अनुदान आलं. पण अनुदानाचे पैसे मार्चअखेर घाईघाईनं, जिथे सवलत जास्त तिथे खर्च झाले तर कपाट भरतं आणि पुस्तकं कोरीच राहतात. टेबलावर एक साधी वही ठेवा. आलेल्यानं काय मागितलं आणि काय मिळालं नाही, ते तीत लिहा. बायांना आणि पोरांना मुद्दाम विचारा. त्या बहुधा स्वतःहून मागत नाहीत, आणि पोरं भितात. खरेदीच्या दिवशी शासनमान्य यादीशेजारी ही वही उघडी ठेवा.

आणखी एक. टोळीबरोबर जाणाऱ्या पोराला पंधरा दिवसांचा नियम लावू नका. त्याच्या आवडीची दोन पुस्तकं पाडव्यापर्यंत द्या. एखादं हरवेल, उसाच्या फडावर, कोपीत पुस्तक सांभाळणं सोपं नाही. पण पुस्तक पुन्हा विकत मिळतं. सहा महिने अक्षराशिवाय काढलेलं पोर शाळेत परत येईलच, याची खात्री कोण देणार?