रानात जाताना कमरेला काय बांधाल?

पावसाळा रंगात आला की रविवारी सकाळी आमच्या नांदे गावातून मोटारसायकलींची रांग लागते. तरुण मंडळी पौड-ताम्हिणीच्या रानाकडे निघालेली असतात. पाठीवर भल्यामोठ्या सॅक, त्यात खाणे, कपडे, छत्री, सगळा जामानिमा. त्यांना पाहिले की मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो : बाळांनो, ही सॅक तुमच्यापासून दूर राहिली तर तुमच्या अंगावर काय उरेल?

हा प्रश्न मला अनुभवाने शिकवला. 1996 सालचा श्रावण. मी नुकताच दवाखाना सुरू केला होता. चार मित्रांबरोबर ताम्हिणीच्या बाजूला गेलो असताना सॅक झाडाखाली ठेवून दरीचे दृश्य पाहायला एकटाच पुढे गेलो. पाच मिनिटांत परत यायचे होते. तेवढ्यात धुके उतरले आणि दहा पावलांवरचे दिसेना. परतीची वाट समजून उतरू लागलो तो पाय घसरला आणि घोटा मुरगळला. हाका मारून घसा बसला. पावसाच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार? रात्रभर एका दगडाच्या आडोशाला कुडकुडत बसलो. सकाळी मित्रांनी शोधले तेव्हा कळले, की सॅक माझ्यापासून जेमतेम दोनशे पावलांवर होती. टॉर्च, कोरडा शर्ट, बिस्किटे सारे तिच्यातच! शहाणा म्हणवणारा डॉक्टर रिकाम्या खिशाने बसला होता.

आपले जुने लोक याबाबतीत हुशार होते. गुरांमागे रानात जाणारा शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. चंची कमरेला खोचलेली असे आणि तिच्यात पानतंबाखूबरोबर चकमकही असे. डोक्यावर घोंगडीची खोळ. अडचणीत लागणारी वस्तू अंगावरच हवी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

अशीच एक चंची आपणही करावी. बाजारात पट्ट्याची पिशवी मिळते किंवा शिंपी जाड कापडाची शिवून देतो. आकार दोन्ही तळहात जोडल्याएवढा आणि वजन अर्ध्या किलोच्या आत असावे. जड झाली की माणूस ती काढून ठेवतो आणि हेतूच फसतो. आतील वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधाव्यात.

पहिली वस्तू शिट्टी. हाक मारून माणूस थकतो, शिट्टीने थकत नाही आणि तिचा आवाज हाकेपेक्षा दूर जातो. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा वेळा. हा गिर्यारोहकांचा संकटाचा संकेत आहे. शिट्टी दोरीने गळ्यातच अडकवावी. सोबत लहान टॉर्च आणि जादा सेल. मोबाईलवर विसंबू नका. घाटात रेंज नसते आणि रेंज शोधता शोधता त्याची बॅटरी उतरते. रेंज मिळाली तर 112 किंवा 108 हे क्रमांक लावावेत.

दुसरी वस्तू मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी. तळाला डोक्यापुरते भोक पाडून ती अंगात घातली की इरल्याचे काम करते. तोंड मात्र नेहमी उघडे राहिले पाहिजे. पुष्कळांना वाटते की आपल्याकडे थंडीने कोण आजारी पडणार? पण भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की पावसाळ्यातही शरीराची उष्णता झपाट्याने जाते. आपले तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस असते. शरीराच्या आतील तापमान 35 च्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ते बरे होण्याचे नव्हे, बिघडण्याचे लक्षण आहे. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता उलट बाहेर जाते.

तिसरी वस्तू लायटर व सायकलच्या ट्यूबचे चार-पाच तुकडे. रबर ओलसर हवेतही पेट घेते. अभयारण्यात आणि राखीव जंगलात विस्तव पेटवण्यास मनाई आहे. म्हणून हा उपाय जिवावर बेतले तरच करावा आणि नंतर आग पूर्ण विझवावी.

चौथी गोष्ट पाणी व ताकद. क्लोरीनच्या काही गोळ्या ठेवाव्यात. वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी वरच्या अंगाला गुरे बसलेली असतात. जलसंजीवनीचे एक पाकीट व गूळ-शेंगदाण्याची चिक्की असावी. पाकीट जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण मिसळावे.

पाचवे, जखमेचे साहित्य. एक क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, आयोडीनचे मलम, दोन सेफ्टी पिना, छोटी कात्री आणि पाच मीटर नायलॉन दोरी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरे. मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आपली नेहमीची औषधे कमरेलाच ठेवावीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखरही ठेवावी. एका चिठ्ठीवर नाव, घरचा फोन, रक्तगट, चालू औषधे आणि न सोसणारे औषध लिहून ठेवावे.

काही वाचक म्हणतील, सर्पदंशासाठी काय? त्यावर पिशवीत काहीच नको. ब्लेडने कापणे, तोंडाने रक्त ओढणे, दोरीने आवळणे, हे तिन्ही प्रकार घातक आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर प्रतिसर्पविष लस आहे, पण ती रुग्णालयातच द्यावी लागते. अंगठ्या, कडी काढा, दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर करा, रुग्णाला चालवू नका आणि वेळ न घालवता हलवा. ॲस्पिरिनसारखी गोळी मुळीच देऊ नका. तिने रक्तस्राव वाढू शकतो.

वाट चुकल्याचे कळताच थांबा, हा सर्वांत मोठा उपाय. ओढ्याच्या कडेने उतरत गेलो की गाव लागेल, हा समज सह्याद्रीत जीव घेतो, कारण ओढा कड्यावरून खाली कोसळतो. सुरक्षित जागी, पात्रापासून दूर, पाचोळ्यावर बसा, पिशवी पांघरा आणि शिट्टी वाजवा. कुठे जाणार, कधी परतणार हे घरी सांगून गेलात तर शोधणारे लवकर निघतील.

पिशवी आज भरली म्हणजे काम संपले असे नाही. दर पावसाळ्याआधी सेल व औषधांच्या तारखा पाहा. रानात शिरताना ती कमरेला बांधा. जेवायला, फोटो काढायला, झाडाआड जायलासुद्धा ती सोडू नका. माझी सॅक भरलेली होती, वाचकहो. फक्त ती दोनशे पावलांवर होती.