राखीव खाट आणि तिच्यापर्यंतची वाट

धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव असतात, हे आमच्या देणगीदारांना ठाऊक आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा होते. तथापि खाट राखून ठेवली म्हणजे ती गरजूलाच मिळते, असे नाही. ज्याच्या हाती कागद आहेत आणि ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकतो, तो पुढे येतो. इतर जण संकोचाने खिडकीपाशीच थांबतात. हे अंतर कमी करणे, हेच वैद्यकीय समाजसेवा विभागाचे मुख्य कार्य आम्ही मानतो.

रुग्णाची आर्थिक स्थिती पडताळताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहिली जाते. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबाची शिधापत्रिका पुष्कळदा गावीच राहिलेली असते. नवविवाहितेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले असते, सासरच्या पत्रिकेत चढलेले नसते. अतिशय गरीब माणसाजवळच गरिबीचा पुरावा नसावा, हा विपर्यासच होय. अशा वेळी समाजसेविका कोणता कागद कोठून मिळेल ते सांगते, गावाकडील नातेवाइकांकडून तो मागवून घेते. तातडीच्या रुग्णाकडे तर अनामत रक्कम मागण्यास योजनेनेच मनाई केली आहे; तेथे आधी उपचार, मग कागद. नातेवाइकांना आमची विनंती अशी की, रुग्ण दाखल होतानाच या विभागात यावे, देयक हाती पडल्यावर नव्हे.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून हा व्यवसाय आपल्याकडे रुजला. पण समाजसेवक म्हणजे अर्ज भरून देणारी व्यक्ती, ही समजूत काही गेलेली नाही! वास्तविक, अर्ज मंजूर झाल्यावरही प्रश्न उरतोच. क्षयरोगाची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. तरीही मजुरी बुडू नये म्हणून रुग्ण थोडे बरे वाटताच ती सोडून कामावर जातो. रुग्णासोबत थांबणाऱ्याचीही मजुरी बुडते, शिवाय एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे जेवण असतेच.

निर्धन रुग्ण निधी उपचारांसाठी आहे. हे खर्च त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी देणगी द्यावयाची असल्यास पावतीवर ‘समाजसेवा विभागाकरिता’ असा उल्लेख करून घ्यावा.